पानाला भोक पाडून गाणारा

रातकिड्यांची सोयरीक कशी जमते हे पाहायला मी चिपळूणहून नांदेडपर्यंत जाईन असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला आधी बसायला सांगून पाणी दिलं असतं. पण गेले खरी. माझी भाची केतकी पुण्यात किड्यांवर पीएच.डी. करते. दिवेलागणीनंतर एकटीनं शेतात फिरायचं नाही, अशी तिच्या बाबांची अट, आणि ती अट पुरी करायला माझ्या भावाला मी सापडले. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आता रिकामी आहे, गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे. शिवाय मला नवीन गावी जेवायला आवडतं.

केतकीचा प्रश्न गाडीतच समजून घेतला. झाडाझुडपांवर राहणारा एक फिकट हिरवा, नखाएवढा रातकिडा असतो. नर पंखावर पंख घासून गातो. मादी गात नाही, ऐकते, आणि ज्याचं गाणं पसंत पडेल त्याच्याकडे चालत जाते. अंगानं मोठा नर मोठ्यानं गातो, लहान नर हळू. म्हणजे गाणं ऐकून मादीला नराची खरी पारख होते का? की तिथंही फसवाफसवी चालते?

"हे शोधायला नांदेडला कशाला जायला हवं? लग्नाच्या जाहिराती वाच," मी म्हटलं. आमच्या ह्यांच्या पत्रिकेसोबत आलेल्या कागदावर 'गायनाची आवड' असं लिहिलेलं होतं. लग्नानंतर कळलं, आवड आहे, पण ती ऐकण्याची.

नांदेड, अर्धापूर

नांदेडला सकाळी उतरलो. स्टेशनाबाहेरच्या टपरीवर सुसला खाल्ला. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदामिरचीवर परतायचे आणि वर शेंगदाण्याचं कूट सढळ हातानं घालायचं. आमच्याकडे पोह्यांवर जसं खोबरं पडतं तसं इथं सगळ्यावर शेंगदाणे पडतात. मी दुसरी बशी मागवली तेव्हा केतकीनं घड्याळाकडे पाहिलं, मी बशीकडे पाहिलं.

अर्धापूरला आम्ही केळी पाहायला गेलो. केळीचं पान मोठं, तेव्हा बांधावर काही सापडतं का ते तिला बघायचं होतं. बागेचा मालक भला माणूस होता. केतकीनं त्याला विचारलं, "तुमच्या बागेत रातकिडे आहेत का?" त्याचा चेहरा एकदम पडला.

"आमच्या केळीला किडा न्हाई बाई. बिलकुल न्हाई. तुमाला कुठं दिसला का? सांगा, आत्ताच फवारतो."

केतकी घाबरून "नको, नको" म्हणाली. तो काही पिकाचा शत्रू नाही, बिचारा गाणारा आहे, हे त्याला पटवता पटवता दुपार झाली. शेवटी त्यानं आम्हाला केळ्यांची एक अख्खी फणी दिली, ती बहुधा किडा न सापडल्याच्या आनंदात. त्या बागेत केतकीला हवा असलेला रातकिडा नव्हताच. त्याला माळावरची रानतुळस आवडते, आणि माळ पाहिजे असेल तर मुखेडकडे जा, असं तिला आधीच कोणी सांगून ठेवलं होतं. केळी आम्ही एसटीत थेट मुखेडपर्यंत खाल्ली.

मुखेडच्या आतलं गाव

मुखेडपासून थोडं आत केतकीच्या मैत्रिणीच्या मामांचं घर आहे. त्यांना गावात सगळे अप्पा म्हणतात. खतं-बियाणांचं दुकान, थोडी कोरडवाहू जमीन, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. दारातच त्यांनी हात जोडून "शरणार्थ" म्हटलं. मला उत्तर काय द्यायचं ते माहीत नव्हतं, म्हणून मीही "शरणार्थ" म्हटलं, आणि ते बरोबर निघालं.

घर पाहून मी चाट पडले. समोरची भिंत ताज्या पिस्ता रंगानं रंगवलेली. ओसरीवर सोफा. अंगणात पांढरीशुभ्र मोटार. बाजूच्या गोठ्यात काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची देवणी जातीची बैलजोडी, शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा. मी मनात म्हटलं, मराठवाडा कोरडा कोरडा म्हणतात तो हाच का? मात्र हात धुवायला घराच्या बगलेला गेले तर तिकडची भिंत जुन्याच मातकट रंगाची होती. मला वाटलं, रंगारी उद्या येणार असेल.

रात्रीचं जेवण अप्पांच्या पत्नींनी, महानंदाताईंनी, वाढलं. चुलीवरची ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार. भाकरी इतकी पातळ आणि गोल की मला माझ्या तांदळाच्या भाकऱ्यांची लाज वाटली. अप्पांनी विचारलं, "तुमच्या कोकणात रोजच्याला काय खातेत, ताई?"

ते घर शाकाहारी, समोर शिवाची पूजा मांडलेली. माझ्या डोळ्यांसमोर तळलेला बांगडा उभा राहिला. मी म्हटलं, "भात." केतकीला ठसका लागला.

घरात आणखी एक माणूस होता, तो मात्र आवाज न करता वावरत होता. अप्पांचा मुलगा मल्लिकार्जुन, मल्लू. वय तेहतीस, अंगानं किरकोळ, आवाज इतका हळू की शेजारी बसूनही कान द्यावा लागे. दुकान आणि शेत दोन्ही तोच सांभाळत होता. आम्हाला माळ दाखवायचं काम त्याच्याकडे आलं.

माळावर

संध्याकाळी ऊन कललं की आम्ही तिघं निघायचो. सोयाबीनची काढणी चाललेली, रस्त्यावर वाळत घातलेल्या शेंगांवरून एसटी जायची आणि मळणीचं अर्धं काम फुकटात व्हायचं. माळावर रानतुळस कमरेइतकी माजली होती. हात लागला की तिचा उग्र वास दुसऱ्या दिवसापर्यंत जात नाही. सूर्य बुडाला की आधी एक आवाज, मग दुसरा, मग सगळा माळ किणकिणायला लागायचा. आमच्या कोकणात पावसाळ्याच्या रात्री बेडूक आणि किडे मिळून नुसता गोंधळ घालतात. इथला आवाज स्वच्छ होता, चांदीच्या बारीक घुंगरासारखा. मी एका दगडावर बसून राहायचे, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटायचं.

पहिल्या संध्याकाळचं ध्वनिमुद्रण माझ्या शिंकेनं वाया गेलं. त्यानंतरचं एका शेळीच्या घंटेनं. तिसऱ्या संध्याकाळी मी सराट्याच्या काट्यांवर बसले, त्याचं ध्वनिमुद्रण केतकीनं अजून पुसलेलं नाही.

पण त्या संध्याकाळी तिला हवं ते सापडलं. तिनं हातानंच आम्हाला खुणावलं. लाल कागद लावलेल्या विजेरीच्या उजेडात एक जरा रुंद पान दिसलं. पानाच्या बरोबर मधे बारीकसं भोक होतं, आणि त्या भोकात डोकं खुपसून, पंख पानाला टेकवून एक रातकिडा गात होता. चांगला खणखणीत गात होता. आवाजावरून मला वाटलं, गडी मोठा असणार. केतकीनं त्याला अलगद डबीत घेतलं तर तो भलताच लहान निघाला.

"हे भोक त्यानं स्वतः कुरतडलंय," केतकी हळूच म्हणाली. "पंख हलले की आवाज पुढं जातो तसा मागंही जातो, आणि पंखाच्या कडेला दोन्ही एकमेकांना मारतात. मधे पान आडवं आलं की ते मारणं थांबतं. मग लहानाचा आवाज मोठ्यासारखा ऐकू येतो. मोठे नर सहसा या भानगडीत पडत नाहीत. त्यांना गरज नसते."

मल्लू कधी नव्हे तो हसला. "हे तर स्पीकरसारखं झालं मॅडम. उघडा स्पीकर वाजवला की आवाज पडतोय. खोक्यात बसवला की घुमतोय."

"अगदी तसंच."

तो बराच वेळ डबीत बघत राहिला. मग विचारलं, "आवाज ऐकून ती येती, ते ठीक हाय. जवळ आल्यावर तिला मालूम होत असंल की, गडी बारका हाय म्हणून?"

"होत असणार. जवळ आली की ती मिशा लावून चाचपते."

"मग जाती का निघून?"

"काही जातात. पण बऱ्याच जात नाहीत, थांबतात."

"का बरं?"

"ते कळलं तर माझी पीएच.डी. होईल," केतकी म्हणाली.

मल्लूनं डबी तिच्या हातात परत दिली. परतताना तो दर झुडपापाशी थांबून पानं उलटून बघत होता. पण त्याच्या मनात पानं नव्हती, एवढं मला कळलं. जन्मभर वर्गात बसलेल्या पोरांची तोंडं वाचलीत मी.

पाहुणे येण्याआधी

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा माझ्यासमोर येऊन बसले. सोफ्यावर नाही, खाली चटईवर.

"ताई, एक काम होतं. आज उदगीरहून पाहुणे येऊन राहिलेत. मल्लूसाठी. पोरगी नर्स हाय, भाग्यश्री नाव. पोरगापोरगीनं एकमेकाला बघितलंय, फोनवर बी बोलतेत. आता घर बघायला येतेत. पोरगी सवताच येती म्हणाली."

मुलीनं स्वतः घर बघायला येणं इथं नवीनच, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

"मग चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"चांगलं हाय. खाली एवढंच, तुमी दोघी तवा हितंच बसा. अन् कुणी विचारलं तर सांगा, मल्लू तुमच्या संशोधनात कामाला हाय म्हणून. पुण्याच्या."

इथं 'खाली' म्हणजे 'फक्त', हे मला एव्हाना कळलं होतं. केतकी आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "अप्पा, माफ करा, मी खोटं नाही बोलणार." आणि जाऊन पायरीवर बसली.

अप्पा रागावले नाहीत. ते माझ्याकडे बघत राहिले. "खरं सांगून बघितलं ताई. लई वर्सं खरंच सांगितलं. कोरडवाहू हाय म्हणलं, दुकान भाड्याच्या जागेत हाय म्हणलं, तर मानसं चहा बी पुरा पीत न्हाईत. खरं सांगून सांगून पोरगं तेहतीसचं झालं."

मग सगळं बाहेर आलं. सोफा शेजाऱ्यांचा. मोटार गावातल्या एका कंत्राटदाराची, चार दिवसांसाठी. रंग समोरच्याच भिंतीला, कारण पाहुणे समोरूनच येतात. देवणी जोडी महानंदाताईंच्या भावाची, देवणीकडच्या गावाहून टेम्पोत घालून आणलेली. आणि आता पुण्याच्या मॅडम, म्हणजे आम्ही. घराच्या पानाला भोक पाडून अप्पांनी मुलाला तिथं बसवलं होतं, आणि त्या पानाचा एक तुकडा मी होते. मला आधी हसू आलं, मग अप्पांचे हात दिसले. ते चटईच्या दशा ओढत होते. मला त्यांची फार कणव आली. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

स्वयंपाकघरात महानंदाताई शेंगाच्या पोळ्यांसाठी कूट आणि गूळ कालवत होत्या. इथली रीत त्यांनीच मला सांगितली. घर बघायला आलेले पाहुणे चहा घेऊन उठले की नकार समजायचा. कोणी तोंडानं नाही म्हणत नाही. जेवायला बसले तर मात्र गोष्ट पुढं गेली. आमच्याकडे असं काही नाही. आमच्याकडे नकार द्यायचा तर पत्रिका जुळत नाही असं कळवतात आणि जेवून मात्र जातात.

"मागल्या टायमाला बी पोळ्या केल्या होत्या," त्या म्हणाल्या, "मग दोन दिवस आमीच खात बसलो."

पाहुणे

ते जीपनं आले. भाग्यश्रीचे काका, उंच, पांढरं धोतर, मोठ्या आवाजाचे. तिची आई. आणि भाग्यश्री. वडील नव्हते, त्यामुळे काकाच घरचे कर्ते. मुलगी सावळी, चेहऱ्यानं शांत, नजर मात्र सगळीकडे फिरणारी. अंगणात उतरल्या उतरल्या तिनं बगलेच्या मातकट भिंतीकडे एकदा पाहिलं. ते मी पाहिलं.

सगळे ओसरीवर बसले. अप्पा बोलत होते. एरवी जेमतेम बोलणारा माणूस आज थांबत नव्हता. मल्लू खांबाला टेकून उभा, इस्त्रीच्या शर्टात आणखीच बारीक दिसणारा. काकांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग माझ्याकडे वळले.

"ताई, पोरगा तुमच्याकडं पुण्याला कामाला हाय म्हणून ऐकलाव. खरं का?"

अप्पा माझ्याकडे बघत होते. पायरीवरून केतकी माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही ठाऊक नाही, कारण तेवढ्यात महानंदाताई चहाचा ट्रे घेऊन आल्या. काकांनी कप उचलला आणि उठले. "बैलं लई झाक दिसायलेत. आमी देवणीवालेच. जरा बघतो." असं म्हणत ते कप हातात घेऊनच गोठ्याकडे गेले.

आणि अंगणात एक गोष्ट घडली. उजवीकडचा बैल, जो इतके दिवस मल्लूला जवळ येऊ देत नव्हता, तो एकदम ताठ झाला. घुंगरमाळ वाजली. दावं ताणून त्यानं मान पुढं केली आणि काकांच्या छातीला कपाळ घासायला लागला. चहा धोतरावर सांडला. काका तसेच उभे राहिले, मग त्यांनी बैलाच्या कानामागं हात घातला.

"सोन्या," ते म्हणाले, "तू हितं कसा रे?"

काकांनीच सांगितलं. हा बैल त्यांच्या गोठ्यात वाढलेला, बाटलीनं दूध पाजून. त्यांनी तो देवणीकडच्या एका माणसाला विकला होता. तो माणूस म्हणजे महानंदाताईंचा भाऊ. ज्या नातेवाइकांच्या जाळ्यात सोयरीक शोधायची, त्याच जाळ्यातून अप्पांनी बैल मागून आणला होता. शेजारच्या दुसऱ्या कोणाचा आणला असता तर चाललं असतं, पण आपल्या माणसांशिवाय बैल मागणार कोणाकडे?

"अप्पा, हे काय बरं न्हाई," काका शांतपणे म्हणाले. कप त्यांनी गव्हाणीच्या काठावर ठेवला. अर्धा भरलेला. महानंदाताईंचं लक्ष त्या कपाकडेच होतं.

तेव्हा मल्लू खांब सोडून पुढं आला. त्याचा आवाज नेहमीइतकाच हळू होता, पण अंगणात इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेला.

"बैल आमचे न्हाईत. दोन्ही बी. गाडी बी आमची न्हाई. सोफा शेजारच्यांचा हाय. मी पुण्याला कामाला न्हाई, ह्या मॅडमला माळ दावला खाली, विजेरी धरली." तो थांबला. "दुकान हाय, ते भाड्याच्या जागेत हाय. जमीन हाय, तिला पाणी न्हाई. अन् एक म्हैस हाय."

अप्पा चटईवर बसावं तसे पायरीवर बसले. मला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे, नाहीतर हा माणूस इथंच मोडेल. आणि माझ्या तोंडून निघालं, "आणि अप्पा, आम्ही रोज मासे खातो. भात खातो, पण माशांबरोबर."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग, हे मी कधी विसरणार नाही, त्या तशा अवस्थेत त्यांना हसू आलं. "मला वाटलंच," ते म्हणाले. "नुसता भात खाऊन मानूस एवढं बोलत न्हाई."

काका हसले नाहीत. "चला," ते वहिनींना म्हणाले. भाग्यश्रीची आई उठली. भाग्यश्री मात्र उठली नाही. आल्यापासून ती एकदाही बोलली नव्हती. आता तिनं मल्लूला विचारलं, "म्हैस कुठाय?"

"मागं. पाहुणे येणार म्हणून मागं बांधली. तिचं शिंग मोडलंय."

ती उठून सरळ घरातून मागच्या दाराकडे गेली. मल्लू तिच्या मागं, आणि मल्लूच्या मागं मी. आपल्याला काय करायचंय, असं गुडघे म्हणत होते, पण मी गेले.

परसात कडुलिंबाखाली म्हैस बांधली होती. तिच्यावर उधार काही नव्हतं. धुतलेलं अंग, खाली कोरडी माती, टोपल्यात कडबा बारीक करून टाकलेला. मल्लूला पाहून तिनं नुसता कान हलवला. मोडलेल्या शिंगाच्या बुडाला पांढरी पट्टी होती, आडवी-तिडवी घट्ट बसवलेली, गाठ कानाच्या मागं सारलेली.

भाग्यश्री जवळ गेली. पट्टीखाली बोट घालून तिनं पाहिलं, मग वाकून वासही घेतला.

"हे कुणी बांधलं?"

"मीच."

"रोज बदलता का?"

"हाव. दोन टायमाला. सकाळच्याला तिला दुखतंय, म्हणून जरा गोड बोलून घ्यावं लागतंय."

"काय बोलता?"

मल्लूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो टोपल्यातला कडबा सारखा करायला लागला. भाग्यश्रीनं पट्टीची कड पुन्हा नीट दाबून बसवली.

"आमच्या दवाखान्यात नवीन पोरी अशी गाठ बांधत न्हाईत," ती म्हणाली. म्हशीच्या पाठीवर हात फिरवून ती वळली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत महानंदाताई पोळ्यांच्या टोपलीवर फडकं झाकत होत्या, पुन्हा दोन दिवस आपल्यालाच खायच्या आहेत अशा तोंडानं.

"मावशी," भाग्यश्री म्हणाली, "मी वाढू का?"

काका अंगणातून "अगं" म्हणाले, पण तोवर तिनं ताटं घेतली होती. मग तेही आले. सोन्याचा निरोप घेऊन, जरा घुश्शातच, पण आले. सोफ्यावर कोणीच बसलं नाही, सगळे खाली चटईवर बसले. काकांनी शेंगाच्या तीन पोळ्या खाल्ल्या आणि तूप आणखी मागितलं.

उदगीरच्या रस्त्यावर

आम्हाला उदगीरवरून लातूरला जाऊन गाडी पकडायची होती, म्हणून काकांनी आम्हाला जीपमध्येच घेतलं. निघताना मल्लू मला खाली वाकून नमस्कार करायला आला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. केतकीला त्यानं एक डबी दिली. आत त्यानं सकाळी माळावरून आणलेलं भोक पडलेलं पान होतं, त्यावरचा गडी त्यानं तिथंच सोडला होता.

रस्ता चांगला नव्हता. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या, सोयाबीनची कापलेली रानं पिवळी पडली होती. काका आणि भाग्यश्रीची आई पुढं, आम्ही तिघी मागं. केतकीला राहवत नव्हतं. तिनं भाग्यश्रीला रातकिड्याची सगळी गोष्ट सांगितली, भोक, पान, मोठा आवाज, लहान नर, सगळं. आणि शेवटी विचारलंच, "जवळ आल्यावर तिला कळतं, तरी ती थांबते. का थांबत असेल? तुम्हाला काय वाटतं?"

भाग्यश्रीला प्रश्नातली गोम लगेच कळली. ती खिडकीबाहेर बघत हसली. "मी कुठं थांबले अजून? जेवले खाली."

पुढून काका म्हणाले, "हां, तेच म्हणतो मी बी. जेवलाव फक्त."

मघापासून माझं लक्ष तिच्या मांडीकडे होतं. एक गोल स्टीलचा डबा तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, खड्डा आला की जास्तच घट्ट. झाकणावर महानंदाताईंचं नाव कोरलेलं होतं.

"डब्यात काय आहे गं?" मी विचारलं.

"पोळ्या. मावशीनं बांधून दिल्या."

"आणि डबा?"

"डबा त्यांचा हाय. नेऊन द्यावा लागंल की."

आमच्या चिपळूणला एक रीत आहे, आणि ती मुखेड-उदगीरला तश्शीच आहे हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मी विचारलं, "रिकामा?"

भाग्यश्रीनं माझ्याकडे असं पाहिलं, की ही बाई शिकलेली असून असं कसं विचारते.

"दुसऱ्याचा डबा रिकामा कुणी परत देतंय का, आत्या?" ती म्हणाली.